आधी चिमटे, मग कुंकू

गाडीचा मेंदू पुसून पुन्हा भरायला एक चहा निवांत पिऊन होईल एवढाच वेळ लागतो. पण तेवढ्या वेळात ती गाडी गाडी नसते. चाकं, सीटा, काचा सगळं जागच्या जागी असतं, फक्त तिला स्वतःचं नावसुद्धा आठवत नसतं. नेमकं तेव्हा कुणी दार आपटलं, हॉर्न वाजवला, नाहीतर "मॅडम, फार उकडतंय हो, जरा एसी लावू का?" म्हणत बटण दाबलं, की बोंबला! सकाळी ऐटीत आलेली गाडी संध्याकाळी दोरीला बांधून ओढत न्यावी लागते, आणि मालक माझ्याकडे असा बघतो की जणू मीच त्याला उकडायला लावलं होतं.

मी सुजाता ओव्हाळ. खडकी बाजाराच्या मागच्या अंगाला आमचं वर्कशॉप आहे. आमचं म्हणजे माझं आणि माधव तांबटचं. माधव कसबा पेठेतल्या तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरातला. ठोकून ठोकून त्याच्या घराण्याचे कान असे तयार झालेत की इंजिनाची खुटखुट ऐकून तो आजाराचं नाव सांगतो. माझे कान साधेच आहेत. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली. त्यामुळे आमची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली आहे: लोखंड त्याचं, मेंदू माझा. भांडण दोघांचं.

आता हा मेंदू म्हणजे काय, ते सांगते, म्हणजे पुढे घोटाळा व्हायला नको. आजकालच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं, हवा किती घ्यायची, ठिणगी केव्हा पाडायची, हे सगळं एक चपटा ॲल्युमिनियमचा डबा ठरवतो. आम्ही त्याला ईसीएम म्हणतो. कंपनी त्यात जो प्रोग्रॅम भरते, तो सगळ्या गिऱ्हाइकांसाठी एकच असतो. कुणी बर्फात चालवणार, कुणी राजस्थानात, कुणी भेसळीचं पेट्रोल भरणार, कुणी सर्व्हिसिंगच करणार नाही. म्हणून कंपनी इंजिनाचं थोडं बळ हातचं राखून ठेवते. ते राखलेलं जरासं मोकळं करणं हा माझा धंदा. जाडजूड मोबाइलएवढा एक ट्यूनर असतो, तो स्टेअरिंगखालच्या सॉकेटला जोडायचा, जुना प्रोग्रॅम वाचून घ्यायचा, नवा भरायचा. बस. शिकायला आठवडा लागतो, आणि काय करायचं नाही हे शिकायला उरलेला जन्म.

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, इथल्याच दारूगोळ्याच्या कारखान्यात होते. आमच्या घरात 'सावकाश' हा शब्द मिठासारखा वापरला जायचा. दादा म्हणायचे, "घाई झाली ना, की आधी हात खिशात घालायचे. मग विचार करायचा. मग हात बाहेर काढायचे." मी एप्रनला दोन मोठे खिसे शिवून घेतलेत ते उगाच नाही.

म्हणून माझं सोवळं कडक आहे. आधी मूळ प्रोग्रॅम वाचून घ्यायचा आणि तो दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायचा. एका ठिकाणी ठेवलेली गोष्ट ठेवलेली नसतेच, विसरलेली असते. गाडीत आधीचा काही बिघाड असेल तर तो काढल्याशिवाय हात लावायचा नाही. मित्राच्या गाडीची फाईल स्वतःच्या गाडीत घालायची नाही, मॉडेल तेच असलं तरी आतलं व्हर्जन वेगळं निघतं. गाडी वॉरंटीत असेल तर ती जाईल, हे मालकाला तोंडावर सांगायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी. भरणं चालू असताना वीज कमी पडली की मेंदू अर्धा राहतो, आणि अर्धा मेंदू कसा वागतो हे पुण्यात सिग्नलला उभं राहिलं की कळतंच. म्हणून बॅटरीला चार्जरचे दोन चिमटे लावायचे, लाल आणि काळा, आणि काम पुरं होईपर्यंत कुणालाही तिकडे फिरकू द्यायचं नाही.

आणखी एक. धूर वाढेल असं काहीही मी करून देत नाही. 'मॅडम, सायलेन्सरमधून फटाके वाजले पाहिजेत' म्हणणारी पोरं रोज येतात. त्यांच्यासाठी पाटीच लावून ठेवलीय: 'फटाके दिवाळीत वाजवावेत. येथे सायलेन्सरमधून वाजवून मिळणार नाहीत. कारण विचारू नये.' शेवटचं वाक्य माधवचं.

वाघोलीचे एक आबा होते. रस्त्याकडेची जमीन गेली, मोठी गाडी आली. पांढरे शुभ्र कपडे घालून उतरले आणि म्हणाले, "ताई, पावर पायजे."

"किती?"

"समद्यांच्या म्होरं ऱ्हायला पायजे येवढी."

माधव गाडीभोवती एक फेरी मारून आला. "आबा, टायर बदलायला हवेत."

"का? टायर हायेत की."

"आबा, टायर होते," माधव म्हणाला.

टायर आणि ब्रेक नवे केल्याशिवाय मी ट्यूनर पिशवीतून काढणार नाही म्हटल्यावर आबा रुसून गेले. दोन आठवड्यांनी पेढे घेऊन हजर! "ताई, नव्या टायरवरच लई झ्याक पळती वो. पावर ऱ्हाऊ द्या आता." गेलं माझं गिऱ्हाईक. पेढे मात्र चांगले होते.

तर असं आमचं रुटीन चाललेलं असताना, नवरात्रात एके सकाळी फोन वाजला.

"ओव्हाळ?"

मी खुर्चीवरून उठून उभीच राहिले. अहो, हा आवाज ऐकला की आमच्या अख्ख्या वर्गाची पाचावर धारण बसायची.

"मी लिमये बाई. गणित."

लिमये बाईंनी खडकीच्या शाळेत मला तीन वर्षं गणित शिकवलं. त्या कधी ओरडल्या नाहीत. नुसत्या फळ्याकडे बघत म्हणायच्या, "ओव्हाळ, हे उत्तर तू काढलंस की ते आपोआप आलं?" रिटायर झाल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या हे मला उडत उडत कळलं होतं. पण पुढचं ऐकून मी पुन्हा खुर्चीत बसले.

पुण्याबाहेर एका टेकडीवर हौशी मंडळींची चढाची शर्यत होते. एकेक गाडी खालून सोडायची, रहदारीला बंद केलेला वळणावळणाचा रस्ता, वर पोहोचायला लागलेला वेळ मोजायचा. ठरलेल्या वेळेच्या आत जो पोहोचेल त्याचं नाव वरच्या फळ्यावर लिहितात. बाई कित्येक वर्षं तिथे वर छत्रीखाली बसून, गळ्यात स्टॉपवॉच अडकवून, दुसऱ्यांचा वेळ मोजायच्या. आणि या वर्षी त्यांनी स्वतःचं नाव दिलं होतं.

"बाई, तुम्ही? शर्यतीत?"

"का? वयाची अट नाही, लायसन्सची आहे. माझं लायसन्स या महिनाअखेर संपतंय आणि मी ते रिन्यू करणार नाहीये. रात्री समोरून येणारे दिवे फुटल्यासारखे दिसतात. मला उतरती श्रेढी कळते, ओव्हाळ. किल्ली मुलाकडे देणार. पण त्याआधी एकदा मला त्या फळ्यावर नाव हवंय. इतकी वर्षं दुसऱ्यांची लिहिली."

बाईंनी चाचणीसाठी टेकडीवर एकदा गाडी नेली होती. वेळ हातातून थोडक्यात निसटली होती. चालवण्यात चूक नव्हती, त्यांनी प्रत्येक वळणाचं गणित मांडून पाहिलं होतं. कमी पडत होतं ते शेवटच्या चढावर इंजिनाचं बळ. तेवढं दे, म्हणाल्या. मला काय वाटलं ते काय सांगू! आयुष्यात पहिल्यांदा लिमये बाईंना एक उदाहरण सुटत नव्हतं आणि ते त्यांनी मला घातलं होतं.

शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. मोकळा दिवस एकच, खंडेनवमीचा. मी म्हटलं, गाडी खडकीला आणा. बाई म्हणाल्या, "शक्य नाही. बिल्डिंगसमोर जागा मिळालीय. खंडेनवमीला कसब्यातून गाडी काढली तर परत लावायला जागा मिळेल दिवाळीनंतर." मी म्हटलं, मीच येते.

आता इथे एक अडचण होती. खंडेनवमीला माधव वर्कशॉपमधल्या सगळ्या हत्यारांची पूजा करतो. पाने, जॅक, माझी टेबलावरची यंत्रं, सगळी पाटावर मांडून हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि एकदा पूजेला लावलं की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. आम्ही बौद्ध, माझं तसलं काही नाही. पण इतक्या वर्षांत मी त्या दिवशी एक पानाही उचललेला नाही. आणि माधव दसऱ्याला, आमच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी, पांढरा सदरा घालून आमच्या विहारात येतो आणि खिरीच्या दोन वाट्या संपवतो. आमची भागीदारी त्यावर चाललीय. त्या वर्षी मी फक्त ट्यूनर आणि चार्जर सकाळी लवकर पर्समध्ये आणि पिशवीत दडवून बाहेर काढले. माधवनं बघितलं, आणि न बघितल्यासारखं केलं.

कसब्यात पोहोचलो. बाईंची गाडी म्हणजे छोटीशी लाल पेट्रोल गाडी, आंघोळ घातलेली. बॅटरी मोजली तर जुनी, दमलेली. मी म्हटलं, हरकत नाही, चार्जर आहे. तळमजल्याच्या खिडकीतून वायर घेतली, बॉनेट उघडलं, चिमटे लावले. माधवला बॉनेटपाशी उभं केलं आणि बजावलं, "इथून हलायचं नाही. कुणाला हात लावू द्यायचा नाही." मी ड्रायव्हरच्या सीटवर, शेजारी बाई. मूळ प्रोग्रॅम वाचला, एकदा ट्यूनरमध्ये ठेवला, एकदा पेन ड्राइव्हमध्ये. मग नवा भरायला सुरुवात केली. पडद्यावर आकडे सरकायला लागले. बाई श्वास रोखून बसल्या होत्या. त्यांना मी बजावलं होतं ना, कशाला हात लावायचा नाही.

उघडलेल्या बॉनेटमुळे मला समोरचं काही दिसत नव्हतं. घंटीचा आवाज तेवढा आला. मला वाटलं, कुठल्या तरी घरात आरती चाललीय.

आकडा निम्म्याच्या पुढे गेला, आणि पडदा लाल झाला. 'संपर्क तुटला.' डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, फडफडले, आणि विझले.

मी दार उघडून पुढे धावले. समोर काय? बाईंच्या नणंद कुसुमताई, नऊवारी नेसून, हातात ताम्हण घेऊन उभ्या. बॉनेटवर झेंडूचा हार. चाकाखाली लिंबू. बॅटरीच्या टोपणावर कुंकवाचं टुमदार स्वस्तिक. आणि माझे दोन्ही चिमटे बाजूला, नीट घडी घातल्यासारखे, वायपरपाशी ठेवलेले. कुसुमताई प्रसन्न हसून म्हणाल्या, "स्वस्तिक काढायला मध्ये येत होते हो. आता लावा परत."

मी माधवकडे बघितलं. माधव हात जोडून, डोळे मिटून उभा होता.

"माधव!"

त्यानं डोळे उघडले. "अगं, पूजा चालू होती. मध्ये बोलायचं कसं?"

अहो, रागानं माझं डोकं असं भणाणलं की हसावं की रडावं कळेना. लाल चिमटा एका हातात, काळा दुसऱ्या हातात घेऊन मी गल्लीत उभी, आणि वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारतंय, "पेढे आहेत का हो?" मग दादा आठवले. चिमटे खाली ठेवले आणि दोन्ही हात खिशात घातले.

बाई गाडीतून उतरल्या. त्यांना सगळं एका नजरेत कळलं.

"ओव्हाळ, ही चालू होईल?"

"आत्ता नाही, बाई."

"परवापर्यंत?"

मी चिमटे लावून पुन्हा प्रयत्न केला. ट्यूनर हाक मारतोय आणि गाडी 'ओ' देत नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदाही नाही. कुसुमताईंनी ताम्हण खाली ठेवलं. "वहिनी, मी काय केलं गं?" असं म्हणून त्या पायरीवर बसल्या ते उठेचनात. बाईंनी गळ्यातलं स्टॉपवॉच काढलं आणि पर्समध्ये ठेवलं.

"एक मार्ग आहे," मी म्हटलं. "डबा काढून वर्कशॉपला न्यायचा, उघडायचा, आणि आतल्या पाटीवरच्या ठिपक्यांना सुया टेकवून थेट मेंदूशी बोलायचं. मूळ प्रोग्रॅम माझ्याकडे दोन ठिकाणी आहे. पण ते यंत्र..."

"पूजेला लावलंय," माधव म्हणाला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

"मग उद्या करा," शेजारचे कुणीतरी सल्ला देऊन गेले. पुण्यात सल्ला वायरीशिवाय पोहोचतो. पण उद्याचं काय घ्या, दसऱ्याला सकाळी मी विहारात, माधवकडे पाहुणे, आणि डबा बसवून तपासायला वेळ हवा. मी मनात म्हटलं, जाते, उचलते यंत्र, मला कोण अडवतंय? पण माधवकडे बघितलं आणि हात पुन्हा खिशात घातले. इतक्या वर्षांचं होतं ते.

तेव्हा कुसुमताई उठल्या. पदर खोचला. "उत्तरपूजा झाली की हात लावलेला चालतो ना?"

"हो, पण ती उद्या..." माधव म्हणाला.

"अडचण आली की आधी करतात. आमच्याकडे सोयर आलं तेव्हा गणपती नाही का दीड दिवसात हलवला? घोळ मी घातला, मीच निस्तरते. चला!"

आणि काय सांगू, ती वरात! पुढे माझ्या स्कूटरवर मी, मागे माधवच्या स्कूटरवर कुसुमताई, एका हातात अक्षता, दुसऱ्या हातानं माधवचा खांदा असा पकडलेला की दोन दिवस त्याला शर्ट घालवत नव्हता. माझ्यामागे बाई, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला गाडीचा डबा. खडकीचा पूल येईपर्यंत बाई एकच वाक्य बोलल्या. "खड्डे चुकव, ओव्हाळ."

वर्कशॉपात कुसुमताईंनी हात धुतले, यंत्रावर अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हणत ते पाटावरून जरासं हलवलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "घ्या. आता हे देव नाही, यंत्र आहे. लवकर करा."

मी झेंडूची पाकळी फुंकून काढली, पिना पुसल्या, भिंग लावलं. सुया टेकवल्या. पडद्यावर एक ओळ उमटली. मेंदू बोलला! मी अशी किंचाळले की माधवनं हातातला पाना टाकला. मूळ प्रोग्रॅम भरला, तपासला. सगळे पुन्हा कसब्यात. डबा बसवला, किल्ली फिरवली, आणि ती लाल गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. कुसुमताई नाचल्या. मी खरं तेच लिहितेय, नऊवारीत, भर गल्लीत नाचल्या.

"थांबा," मी म्हटलं. "हा जुनाच प्रोग्रॅम आहे. यानं फळ्यावर नाव लागणार नाही. बाई, नवा भरू? पुन्हा तीच जोखीम आहे. नाही म्हणालात तरी गाडी शाबूत आहे."

बाईंनी पर्समधून स्टॉपवॉच काढून गळ्यात घातलं. "भर," म्हणाल्या.

या खेपेला बॉनेटपाशी माधव नव्हता. कुसुमताई होत्या. दोन्ही हात पसरून. आदल्या दिवशीच सोनं वाटत सुटलेल्या शेजाऱ्यांच्या नातवाला त्यांनी असं हाकललं की पोरगं आपट्याची पानं टाकून पळालं. वरून कुणीतरी विचारलं, "कुसुमताई, प्रसादाला येताय ना?" तर म्हणाल्या, "बोलू नका! गाडीचा मेंदू उघडा आहे!" आकडे सरकत गेले. निम्मा झाला. निम्म्याच्या पुढे गेला. बाईंनी माझं मनगट धरलं होतं, शाळेत कधी नव्हतं धरलं. पडदा हिरवा झाला. किल्ली बंद केली, थोडं थांबलो, पुन्हा फिरवली. इंजिनाचा आवाज ऐकून माधव म्हणाला, "आता हिची भीड चेपली." एवढं कौतुक तो माणसांचंसुद्धा करत नाही.

शर्यतीच्या दिवशी मी आणि माधव टेकडीवर, फळ्याच्या बाजूला उभे होतो. बाईंच्या जागी आता एक गृहस्थ घड्याळ घेऊन बसले होते. शेजारच्या सीटवर एक माणूस बसवायला परवानगी होती, आणि तिथे कोण बसावं? कुसुमताई! "मीच तिला अडकवलं, मीच तिच्याबरोबर जाणार," असं म्हणून हट्टानं बसल्या. डोक्यावर हेल्मेट, मांडीवर नारळ.

खालून लाल ठिपका सुटला. पहिलं वळण, दुसरं वळण. बाई वळणं अशी घेत होत्या की कंपासनं वर्तुळ काढावं. शेवटचा चढ आला. इथेच मागे गाडी दमली होती. मी डोळे मिटून घेतले. आवाज चढत गेला, चढत गेला, आणि शेजारून माधव ओरडला, "अगं बघ तरी!" लाल गाडी रेषा ओलांडून भर्रकन पुढे गेली.

बाई उतरून तडक घड्याळवाल्या गृहस्थांकडे गेल्या. वेळ ठरलेल्या मर्यादेच्या आत होती. पापणी लवेल एवढ्यानं.

"दशांश चिन्हापुढचं खाल्लं नाहीत ना?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई. तुम्हीच शिकवलंय आम्हाला."

मग बाईंनी खडू मागून घेतला आणि फळ्यावर स्वतःच्या अक्षरात स्वतःचं नाव लिहिलं. सरळ रेषेत, अगदी शाळेतल्यासारखं. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही.

इकडे कुसुमताई गाडीतून उतरेनात. आम्ही घाबरून धावलो. हेल्मेट काढलं तर कुंकू कपाळभर पसरलेलं, डोळे मोठ्ठे, नारळ छातीशी घट्ट.

"कुसुमताई, बरं वाटत नाही का?"

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पुन्हा!"

महिना संपला, बाईंचं लायसन्स संपलं. मुलगा किल्ली न्यायला आला होता म्हणतात. कुसुमताईंनी दार उघडलं आणि त्याला सांगितलं, "किल्ली माझ्याकडे आहे. चहा घेणार का?"

पुढच्या खंडेनवमीला सकाळी आमच्या दारात ती लाल गाडी आली. पुढे 'एल'ची पाटी. उजवीकडे कुसुमताई, डावीकडे लायसन्सवाला म्हणून बाईंचा मुलगा, मागे बाई, गळ्यात स्टॉपवॉच. गाडी तीन झटके खाऊन थांबली. बाईंनी हळूच काच खाली केली.

"ओव्हाळ, मूळ प्रोग्रॅम ठेवला आहेस ना?"

"दोन ठिकाणी, बाई."

"तो परत भर. माझं झालं. ही शिकाऊ आहे."

मी "हो" म्हटलं. वर्षभर कुणी विचारलं की मी फळ्यावरच्या त्या नावाची गोष्ट सांगत होते, आणि आता ज्या प्रोग्रॅमनं ते नाव लागलं, तो माझ्याच हातानं पुसायचा होता. माधवनं त्या वर्षी चार्जर आणि ट्यूनर पूजेला लावलेच नव्हते. कारण विचारलं नाही. कुसुमताईंनी स्वतः बॉनेट उघडलं. आधी लाल चिमटा लावला, मग काळा, दोन्ही ओढून बघितले. मग पर्समधून करंडा काढून दोन्ही चिमट्यांना हळदकुंकू वाहिलं. "आधी चिमटे, मग कुंकू," म्हणाल्या. "बरोबर ना?"

मी ट्यूनर जोडला. पडद्यावर प्रश्न आला, मूळ प्रोग्रॅम भरायचा का. माझं बोट बटणावर, तेवढ्यात कुसुमताईंनी खिडकीतून हात घालून माझा हात धरला.

"राहू दे ना आहे तेच. पुढच्या वर्षी त्या टेकडीवर मला जायचंय."

मी बाईंकडे बघितलं. बाई नणंदेकडे बघत होत्या, मग समोर, मग स्टॉपवॉचकडे.

"आधी रिव्हर्स शीक," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "ओव्हाळ, आत्ता मूळच भर. पण ती दुसरी फाईल पुसू नकोस."

"ती पण दोन ठिकाणी ठेवलीय, बाई," मी म्हटलं आणि बटण दाबलं.